समजा, सगळेच हाफ आहेत

मुंबईच्या गिरणगावातल्या एका रात्रशाळेत मी दहावीला गणित शिकवते. माझे विद्यार्थी दिवसभर कुठे ना कुठे कामाला असतात. कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी कुरिअरची पिशवी खांद्यावर घेऊन, कुणी इमारतीच्या गेटवर, कुणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. संध्याकाळी साडेसहाला वर्गात येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दिवसाचे हिशेब अजून ताजे असतात. किती डबे गेले, कुणाकडे किती बाकी, सुट्टे किती उरले. हीच माणसं गणित भाग १ च्या पेपरात शाब्दिक उदाहरण दिसलं की पान उलटतात. पेपर चाळीस गुणांचा, दोन तासांचा. त्यात मांडून दिलेली समीकरणं ती बिनचूक सोडवतात, पण तोच हिशेब गोष्टीच्या रूपात आला की हात थांबतो.

बीजगणिताचं पहिलंच प्रकरण आहे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. नाव भारदस्त आहे, मामला तेवढा नाही. दोन संख्या आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांच्याबद्दल दोन गोष्टी माहीत आहेत, एवढंच. त्या दोन संख्यांचा आपसात गुणाकार नाही, कुणाचा वर्ग नाही. फक्त पट, बेरीज आणि वजाबाकी. असं वाक्य आलेखावर काढलं की सरळ रेष येते, म्हणून ते रेषीय.

मी सुरुवात एसटीपासून करते, कारण गणपतीला आणि मे महिन्यात वर्गातले निम्मे लोक एसटीने गावी जाऊन आलेले असतात. समजा, एका फेरीत ४६ प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ९० रुपये, अर्धं ४५. कंडक्टरकडे जमा झाले ३,२८५ रुपये. पूर्ण तिकिटं किती, अर्धी किती? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे ‘हाफ’ म्हणजे लहान मूल असं आता राहिलेलं नाही, आणि हे उदाहरणही पूर्वीसारखं बनावट वाटत नाही.

कॅन्टीनमध्ये काम करणारा एक विद्यार्थी फळ्याकडे न बघताच बोलायला लागला. “समजा, सगळेच हाफ आहेत. शेहेचाळीस गुणिले पंचेचाळीस, दोन हजार सत्तर. वर राहिले बाराशे पंधरा. एका फुलमागे पंचेचाळीस जास्त येतात. म्हणजे सत्तावीस फुल. राहिले एकोणीस हाफ.” झालं. वही उघडलेलीसुद्धा नव्हती.

मग मी फळ्यावर पुस्तकातल्या रीतीने लिहिलं. पूर्ण तिकिटं क्ष, अर्धी य.

क्ष + य = ४६
९०क्ष + ४५य = ३२८५

पहिल्याला ४५ने गुणलं: ४५क्ष + ४५य = २०७०. दुसऱ्यातून हे वजा केलं: ४५क्ष = १२१५. क्ष = २७, य = १९. त्याच्या तोंडून निघालेल्या संख्या एकामागून एक फळ्यावर आल्या, त्याच क्रमाने. ज्याला पुस्तक ‘चलाचा लोप’ म्हणतं ते त्याने ‘सगळेच हाफ’ म्हणून केलं होतं. ही युक्ती जुनी आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी गणितग्रंथात पिंजऱ्यातले पक्षी आणि ससे आहेत. डोकी ३५, पाय ९४. सगळेच पक्षी धरले तर पाय ७०, वरचे २४ सशांचे, म्हणजे ससे १२ आणि पक्षी २३.

मग समीकरणाची गरज काय, असा प्रश्न येणारच, आणि माझ्या वर्गात तो न लाजता येतो. त्याचं उत्तर दुसऱ्याच एकाने आयतं आणून दिलं. “बाई, पंच्याहत्तरच्या वरच्यांना तिकीट फुकट असतं. ते कुठे धरलेत?” खरंच आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे. ते डोक्यांच्या मोजणीत येतात, पैशांत येत नाहीत. आता अज्ञात संख्या तीन झाल्या: पूर्ण क्ष, अर्धी य, मोफत झ. माहिती मात्र अजून दोनच वाक्यांची. ‘सगळेच हाफ’ आता चालत नाही, कारण चूक दोन बाजूंना वाटली जाते.

समीकरणं मात्र गप्प बसत नाहीत. पैशांच्या वाक्याला ४५ने भागलं की २क्ष + य = ७३. डोक्यांच्या वाक्यात ते घातलं की झ = क्ष − २७. म्हणजे पूर्ण तिकिटं २७हून कमी असणार नाहीत, आणि य उणे होऊ द्यायचा नाही तर ३६हून जास्त असणार नाहीत. २७ पूर्ण, १९ अर्धी, मोफत कुणी नाही. २८ पूर्ण, १७ अर्धी, १ मोफत. असं करत ३६ पूर्ण, १ अर्धं, ९ मोफत. दहा उत्तरं, आणि दहाही खरी असू शकतात. नुसत्या बीजगणिताला विचाराल तर उत्तरं अनंत आहेत. पण तिकीट हाफ असतं, माणूस हाफ नसतो, म्हणून दहावर भागलं. तिसरं वाक्य मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते कोणतं हवं हे आता कळतं: म्हातारी माणसं मोजा.

शाब्दिक उदाहरणात खरी कसोटी पहिल्या ओळीची असते, ‘समजा’ या ओळीची. पुढचं सगळं हातकाम आहे. मी वर्गात फुलसाठी फ आणि हाफसाठी ह अशी अक्षरं मुद्दाम वापरत नाही. सोपी वाटतात, पण थोड्या वेळाने ‘२७फ’ म्हणजे ‘सत्तावीस फुल’ असं वाचलं जातं आणि अक्षर संख्येचं न राहता माणसाचं टोपणनाव होतं. घोळ तिथून सुरू होतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९८०च्या सुमारास जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना एक साधं वाक्य दिलं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत; याचं समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं चुकलं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी उलटं लिहिलं, विद्यार्थ्यांची सहापट म्हणजे प्राध्यापक. त्यांना वाक्य समजलं नव्हतं असं नाही. सहा विद्यार्थ्यांशेजारी एक प्राध्यापक, हे चित्र त्यांनी जसंच्या तसं कागदावर उतरवलं.

माझ्याकडे हीच चूक ‘मागे’ या शब्दापाशी होते. ‘विद्यार्थी शिक्षकांच्या तीसपट’ असं म्हटलं की बहुतेकांचं बरोबर येतं. ‘दर तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक’ म्हटलं की ‘तीस’ हा आकडा विद्यार्थ्यांना चिकटतो आणि शाळेत मुलांपेक्षा मास्तर जास्त होतात. यावर उपाय एकच, आणि तो कॅन्टीनवाल्याला शिकवावा लागत नाही. एक आकडा घालून बघायचा. शिक्षक दहा असतील तर मुलं किती? तीनशे. तुमचं समीकरण तेच सांगतं का?

पहिली ओळ लिहिण्यात भास्कराचार्यांचा हात धरणारा कुणी नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठाला दिलेल्या देणगीचा. भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ त्याच्या आधीच्या शतकातलं, साधारण ११५०चं. त्यात अज्ञात संख्यांना नावं आहेत. पहिलीला ‘यावत्तावत्’, पुढच्यांना रंगांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. माझ्या क्ष-यपेक्षा हे जास्त देखणं आहे. त्यातलं एक उदाहरण मी दरवर्षी घेते. एक जण मित्राला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. मित्र म्हणतो, उलट तूच मला दहा दिलेस तर माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. कुणाकडे किती?

आपण सरळ दोन अक्षरं घेऊ, दोन समीकरणं मांडू, कंस सोडवू आणि चिन्हांत अडकू. भास्कराचार्य एकच अक्षर घेतात, पण कुठे घेतात ते पाहा. पहिल्याकडे ‘दोन या उणे शंभर’, दुसऱ्याकडे ‘एक या अधिक शंभर’. आता दुसऱ्याने पहिल्याला शंभर दिले की पहिल्याकडे बरोबर दोन या आणि दुसऱ्याकडे एक या. दुप्पट! पहिली अट नाव ठेवतानाच पाळली गेली. उरली दुसरी. पहिल्याने दहा दिले की त्याच्याकडे २या − ११०, मित्राकडे या + ११०. सहापट म्हणजे १२या − ६६० = या + ११०. अकरा या म्हणजे ७७०, या म्हणजे ७०. पहिल्याकडे ४०, मित्राकडे १७०. पडताळा तोंडी होतो: १४० आणि ७०, १८० आणि ३०. हे पहिल्यांदा फळ्यावर आलं की पाठीमागच्या बाकांवरून दाद येते, आणि ती गणिताच्या तासाला क्वचित मिळते.

त्यांच्याही तीनशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात बाजार आहे. नऊ महाळुंग आणि सात कवठं मिळून १०७. सात महाळुंग आणि नऊ कवठं मिळून १०१. एकेकाची किंमत? माझ्या विद्यार्थ्यांपैकी कवठ सगळ्यांना माहीत, महाळुंग कुणालाच नाही, त्यामुळे पाच मिनिटं लिंबाच्या या थोरल्या भावाची ओळख करून देण्यात जातात. मग पेन्सिली सरसावतात, आणि नऊ साते त्रेसष्ट करून लोप सुरू होतो. चालेल, उत्तर येईल. पण जरा थांबून दोन्ही वाक्यं एकत्र करा: सोळा महाळुंग, सोळा कवठं, २०८. म्हणजे एकेकाची जोडी १३. आता वजा करा: दोन महाळुंग उणे दोन कवठं, ६. म्हणजे फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. दहावीच्या पुस्तकांत ९९ आणि १०१ असे भीतीदायक सहगुणक असलेल्या जोड्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. बेरीज आणि वजाबाकी ओळखली की त्यांत काही उरत नाही. प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी नावही तशीच: एका वेगात पाणी मिळवलेलं, दुसऱ्यात वजा केलेलं.

बापलेकांच्या वयांची उदाहरणं मात्र मी पटकन उरकते. ज्याला स्वतःचं वय ठाऊक आहे त्याने ते सरळ सांगावं, कोड्यात का बोलावं, असं एकाने विचारलं होतं आणि मला त्याचं म्हणणं पटतं.

डब्यांचं उदाहरण त्यापेक्षा खूप काही देतं. पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या एक ताई वर्गात आहेत, त्यांच्यासाठी मी ते रचलं. एका ऑफिसने तीन फुल डबे आणि दोन हाफ डबे घेतले, बिल ३४०. दुसऱ्या ऑफिसने सहा फुल, चार हाफ, बिल ६८०. डब्यांचे दर काढा. वर्ग कामाला लागतो, लोप करतो आणि शून्य बरोबर शून्य येतं. काहींना वाटतं आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. दुसरं बिल पहिल्याचीच दुप्पट आहे. वाक्यं दोन, बातमी एकच. फुल ८० आणि हाफ ५० चालतं, फुल ९० आणि हाफ ३५ही चालतं. आलेखावर दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात. क्रेमरची निश्चयक पद्धत मुलांना आवडते, कारण तिच्यात विचार कमी आणि गुणाकार जास्त असतो. मला ती इथेच उपयोगी वाटते: तीन गुणिले चार उणे दोन गुणिले सहा, शून्य. निश्चयक शून्य आला की एकच एक उत्तर मिळणार नाही, हे सोडवायच्या आधीच कळतं. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने ही रीत १७५० साली वक्ररेषांवरच्या ग्रंथात दिली.

मग मी दुसरं बिल ६८०ऐवजी ६६० केलं. आता रेषा समांतर, उत्तर नाहीच. परीक्षेत ‘उकल नाही’ लिहून गुण मिळतात. ताई म्हणाल्या, “म्हणजे त्यांना वीस रुपये सूट दिली असणार.” हे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, पण मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. दोन्ही ऑफिसांना एकच दर लावला, हे उदाहरणात कुठे लिहिलेलं नव्हतं. आपण ते गृहीत धरून मोकळे झालो होतो. समीकरणं जुळत नाहीत तेव्हा आकड्यांच्या आधी गृहीतक तपासायचं, ही सवय हिशेब ठेवणाऱ्या माणसाला असते. परीक्षार्थी ती गमावतो.

अज्ञात तीन, चार, दहा झाले तरी रीत बदलत नाही, फक्त कागद वाढतो. चीनच्या ‘नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचं आठवं प्रकरण याच कामाचं आहे. उत्तम धान्याच्या तीन पेंढ्या, मध्यमाच्या दोन, हलक्याची एक, यांतून ३९ मापं. दोन, तीन, एक यांतून ३४. एक, दोन, तीन यांतून २६. हे आकडे पटावर काड्यांनी मांडायचे आणि एका स्तंभातून दुसरा वजा करत जायचा. २६३ साली त्यावर टीका लिहिणाऱ्या लिउ हुईने धन संख्यांना लाल आणि ऋण संख्यांना काळ्या काड्या सांगितल्या आहेत. उत्तर सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. युरोपात या रीतीला पुढे गाउसचं नाव चिकटलं.

आता एक अलीकडची गोष्ट. माझ्या वर्गातला एक जण एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डबॉय आहे. पेशंटची ट्रॉली सीटी स्कॅनच्या दारापर्यंत नेतो. ते यंत्र माणसाभोवती गोल का फिरतं, हा त्याचा प्रश्न. मी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला आणि प्रत्येक घरात एक लपलेली संख्या आहे म्हटलं. क्ष-किरण एका ओळीतून आरपार गेला की त्या वाटेवरच्या घरांनी मिळून त्याला किती अडवलं, एवढीच बेरीज बाहेर कळते. वरची ओळ ७, खालची ९. उभे किरण सोडले: डावा स्तंभ १०, उजवा ६. चार घरं, चार बेरजा. सोडवा.

सुटत नाही. डब्यांचीच भानगड. दोन्ही ओळी मिळून १६, दोन्ही स्तंभ मिळूनही १६, त्यामुळे चौथी बेरीज पहिल्या तिघींनी आधीच सांगून टाकलेली असते. वरच्या डाव्या घरात ४ ठेवा किंवा ५, सगळं जुळतं. मग मी एक तिरका किरण दिला: वरचं डावं आणि खालचं उजवं मिळून ७. लगेच उत्तर आलं. वर ४ आणि ३, खाली ६ आणि ३. यंत्राला तिरकं जाता यावं म्हणून ते फिरतं.

गॉडफ्री हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्राने ऑक्टोबर १९७१मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या मेंदूचं चित्र काढलं. ते चित्र ८० गुणिले ८० घरांचं होतं, म्हणजे ६,४०० अज्ञात संख्या. सुरुवातीची रीतही ओळखीची वाटावी अशी: घरांत अंदाजाने संख्या धरायच्या, बेरजा काढायच्या, किरणांनी दिलेल्या बेरजांशी ताडायच्या, फरक घरांत वाटून द्यायचा आणि पुन्हा तेच. १९७९चं वैद्यकाचं नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळालं.

वॉर्डबॉय तेवढ्यावर थांबला नाही. “नऊ घरं असली तर किती किरण लागतील, बाई?” तीन आडवे, तीन उभे, आणि एका बाजूने तिरके पाच, कोपऱ्यातल्या एकेका घरातून जाणारे धरून. अकरा बेरजा, नऊ घरं. सुटायलाच हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. मी त्यांना हा चौकोन दिला:

−१, १, ०
१, ०, −१
०, −१, १

कुठलीही ओळ घ्या, कुठलाही स्तंभ, वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारा कुठलाही तिरका किरण: बेरीज शून्य. म्हणजे तुमच्या उत्तरात हा चौकोन मिळवला तरी अकराच्या अकरा बेरजा जागच्या हलत नाहीत, आणि कुठलं उत्तर खरं ते त्यांतून कळायला मार्ग नाही. दुसऱ्या तिरक्या दिशेचा एकच किरण, वरच्या ओळीच्या मधल्या घरातून डाव्या स्तंभाच्या मधल्या घराकडे जाणारा, ही लपवाछपवी उघडी पाडतो. त्याच्या वाटेवर एक अधिक एक, दोन येतात.